गुगलच्या आधी पाठ्यपुस्तक : मुलांच्या गृहपाठासाठी भरवशाची माहिती कशी शोधावी

जून महिन्याच्या मध्यावर शाळा सुरू होतात आणि पहिल्या दहा-बारा दिवसांतच कोल्हापुरातल्या अनेक मुलांना राजर्षी शाहू महाराजांविषयी काहीतरी लिहून आणायला सांगितले जाते, कारण २६ जूनला महाराजांची जयंती असते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संध्याकाळी निरोप येतो, आई भाकऱ्या थापता थापता आपला फोन मुलाच्या हाती देते, मूल ‘शाहू महाराज माहिती मराठी’ असे शब्द टाकते, सर्वांत वर आलेले पान उघडते आणि वहीत उतरवू लागते. अर्ध्या तासात गृहपाठ होतो. ते पान कोणी लिहिले, केव्हा लिहिले, लिहिणाऱ्याला ही माहिती कोठून मिळाली, यांतला एकही प्रश्न त्या अर्ध्या तासात कोणाच्या मनात येत नाही, आणि तो यावा असे मुलाला कोणी शिकवलेलेही नसते.

मुलांना मदत करण्याची मनापासून इच्छा आहे, पण इंटरनेटवरचे भरवशाचे काय आणि बिनभरवशाचे काय हे स्वतःलाच नीटसे उमगलेले नाही, अशा पालकांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि थोरल्या भावंडांसाठी हा लेख आहे. त्यासाठी संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. घरातला एक साधा स्मार्टफोन, एक वही आणि मुलाशेजारी अर्धा तास बसण्याची तयारी एवढे पुरते. गेली काही वर्षे घरातल्या आणि शेजारच्या मुलांचा अभ्यास घेताना माझे एक मत पक्के झाले आहे, ते आधीच सांगून टाकतो. गुगल वाईट नाही, आपण ते चुकीच्या क्रमाने वापरतो. ते पहिले नव्हे, तिसरे पाऊल असावे.

सर्वांत आधी प्रश्न लिहून काढावेत

‘पंचगंगा नदी’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. नुसता विषय घेऊन बसलेले मूल नदीचा उगम, घाटावरची मंदिरे, प्रदूषण, महापूर असे दिसेल ते गोळा करत सुटते. म्हणून फोन हातात घेण्यापूर्वी वहीच्या कोऱ्या पानावर तीन-चार प्रश्न लिहायला लावावेत. पंचगंगा कोणत्या नद्या मिळून होते? त्या कोठे एकत्र येतात? पुढे ती कोणत्या नदीला मिळते? पावसाळ्यात तिची पातळी कोठे मोजतात? यांतली निम्मी उत्तरे कोल्हापूरच्या घरात फोनशिवायच मिळतात. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती ही नावे आजोबा सांगतात, पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते हेही सांगतात, प्रयाग चिखलीचा संगम अनेकांनी पाहिलेला असतो, आणि नृसिंहवाडीला दर्शनाला गेलेल्या मुलाला कृष्णा-पंचगंगेचा संगम वेगळा दाखवावा लागत नाही. उरलेल्या प्रश्नांसाठी तेवढा शोध घ्यायचा. प्रश्न समोर लिहिलेला असला की मूल एका पानावरून दुसऱ्या पानावर वाहवत जात नाही, आणि उत्तर मिळाले की थांबायचे हेही त्याला कळते.

पहिले पाऊल : पाठ्यपुस्तक आणि त्यावरचा क्यूआर कोड

शिक्षकांनी दिलेला प्रश्न बहुतेक वेळा पाठातूनच आलेला असतो, म्हणून आधी पाठ पुन्हा वाचावा, हे सांगण्यासारखे आहे का असे वाटेल; पण फोन हाती आल्यापासून मुले नेमके हेच विसरली आहेत. पुस्तक शाळेत राहिले असेल तर १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीच्या ई-बालभारती या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ विनामूल्य मिळतात. त्या तेथूनच घ्याव्यात. इतर संकेतस्थळांवर त्याच पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या फिरत असतात आणि अभ्यासक्रम बदलल्यावर मुलाची गफलत होते. पीडीएफ कोठूनही आली तरी सुरुवातीच्या पानावरचे आवृत्तीचे वर्ष एकदा पाहून घ्यावे.

पाठ्यपुस्तकांत छापलेला काळा-पांढरा चौकोनी क्यूआर कोड हा मुलांना माहीत असतो, पालकांना सहसा नसतो. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी अ‍ॅपमधून तो स्कॅन केला की त्या पाठाशी जोडलेले व्हिडिओ व इतर साहित्य उघडते. पुस्तक त्याच फोनवर पीडीएफमध्ये उघडलेले असेल तर स्कॅन कसे करायचे, अशी अडचण येते. अशा वेळी चौकोनाखाली छापलेली सहा अक्षरांची खूण अ‍ॅपमध्ये टाइप करावी.

स्वाध्यायाची आयती उत्तरे देणारी संकेतस्थळेही ढिगाने आहेत. ती पाठ्यपुस्तकाची नव्हेत, ती कोणी लिहिली हे कळत नाही, आणि एकाच वर्गातल्या पंधरा वह्यांत एकच वाक्य एकाच चुकीसह आले की शिक्षकांना ते पहिल्या मिनिटाला कळते. त्यांच्याविषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही.

दुसरे पाऊल : कोश आणि संस्थांची संकेतस्थळे

पाठ्यपुस्तकाच्या पलीकडची माहिती हवी असेल तर शोध मराठी विश्वकोशापासून सुरू करावा. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सुरू झालेल्या या कोशाचे वीस खंड आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मुलांना विश्वकोश दाखवताना मजकुराआधी नोंदीचा शेवट दाखवावा, असा माझा अनुभव आहे. जुन्या नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव आणि संदर्भग्रंथांची यादी असते. अलीकडच्या, ज्ञानमंडळांनी म्हणजे त्या त्या विषयातल्या तज्ज्ञांच्या गटांनी तयार केलेल्या नोंदींच्या शेवटी लेखकाबरोबर समीक्षकाचेही नाव असते. म्हणजे एकाने लिहिले आणि दुसऱ्या जाणकाराने तपासले. हे एकदा दाखवले की पुढे कोणतेही पान उघडल्यावर मूल आपोआप खाली सरकून नाव शोधू लागते, आणि ते नसेल तर त्याच्या लक्षात येते. लहान मुलांसाठी कुमार विश्वकोशाची भाषा अधिक सोपी आहे.

विश्वकोशाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. छापील खंड अनेक वर्षांत मिळून निघाले, त्यामुळे जुन्या नोंदींतली लोकसंख्या, उत्पादनाचे आकडे, जिल्ह्यांची संख्या ही त्या त्या काळातली आहे. इतिहास, व्याख्या, शास्त्रीय तत्त्व यांसाठी विश्वकोश. आजच्या आकड्यांसाठी दुसरीकडे.

मराठी विकिपीडियाबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात, काही शिक्षक त्याला हातच लावू देत नाहीत आणि मुले त्याशिवाय दुसरे काही पाहत नाहीत. तो कोणीही संपादित करू शकतो, हे खरे आहे, आणि त्यामुळेच तो उत्तर म्हणून नव्हे तर वाट दाखवणारी पाटी म्हणून वापरावा. लेखात एखाद्या वाक्याशेजारी लहान आकडा असतो. त्यावर बोट ठेवले की खालचा संदर्भ दिसतो. संदर्भ एखाद्या ग्रंथाचा किंवा सरकारी पानाचा असेल तर तेथे जावे. ‘संदर्भ हवा’ अशी खूण असेल तर ते वाक्य वहीत घेऊ नये. ‘इतिहास’ या दुव्यावर लेखात केव्हा आणि काय बदल झाला तेही दिसते. नववी-दहावीच्या मुलांना हे पाहताना फार मजा वाटते.

विज्ञानाच्या गृहपाठासाठी मला दोन ठिकाणे विशेष आवडतात. एक म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट, ज्यात विद्युत मंडल, घनता, तरंग यांचे प्रयोग पडद्यावर स्वतः करून पाहता येतात आणि अनेक प्रयोग मराठीतही आहेत. दुसरे म्हणजे टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ, जेथे मराठी पुस्तकेही भरपूर आहेत. नकाशासाठी इस्रोचे भुवन आणि पावसासाठी भारतीय हवामान विभाग ही मूळ ठिकाणे आहेत. मोठ्या मुलांना कोल्हापूरच्या इतिहासावर लिहायचे असेल तर गॅझेटिअर, म्हणजे एकेका प्रदेशाची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ, दाखवावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा चोविसावा खंड कोल्हापूरचा आहे आणि तो १८८६ साली निघाला. भाषा इंग्रजी, दृष्टी ब्रिटिश अधिकाऱ्यांची, पण गावे, पिके, बाजार यांचे तपशील थक्क करणारे आहेत.

तिसरे पाऊल : आता गुगल, पण शब्द तोलून

शोधताना शब्द जितके नेमके, तितके पान नेमके. ‘शाहू महाराज’ एवढेच टाकले तर दोन वेगळ्या व्यक्ती एकमेकींत मिसळतात. एक साताऱ्याचे छत्रपती शाहू, संभाजी महाराजांचे पुत्र, ज्यांचा काळ १६८२ ते १७४९ असा आहे. दुसरे कोल्हापूरचे राजर्षी शाहू, ज्यांचा काळ १८७४ ते १९२२ असा आहे. शोधात आलेली चित्रे तर सर्रास एकत्र असतात, आणि राजर्षींच्या प्रकल्पावर साताऱ्याच्या शाहूंचे चित्र चिकटवलेले मी एकदा नव्हे, तीनदा पाहिले आहे. ‘राजर्षी शाहू कोल्हापूर आरक्षण १९०२’ असे शब्द टाकले की हा घोळ बराचसा मिटतो.

आणखी काही युक्त्या सांगतो. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत टाकावा. एकाच ठिकाणाची दोन नावे असतील तर दोन्हींनी शोधावे. पन्हाळा आणि पन्हाळगड, नृसिंहवाडी आणि नरसोबाची वाडी यांनी वेगवेगळी पाने येतात. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करण्याची मुलांना सवय असते, पण तशा शोधात आयते निबंध विकणारी पानेच वर येतात, म्हणून देवनागरीत टाइप करावे किंवा कळफलकावरच्या माइकचे चिन्ह दाबून बोलावे. फक्त सरकारी पाने हवी असतील तर शोधशब्दांनंतर इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम आणि त्याला चिकटून जीओव्ही डॉट इन असे (site:gov.in) लिहावे. संकेतस्थळाच्या पत्त्याचा हा शेपूट सरकारी कार्यालयांनाच मिळतो. एसी डॉट इन हा विद्यापीठे व संशोधन संस्थांचा. डॉट ऑर्ग मात्र कोणालाही विकत मिळतो, त्यामुळे नुसत्या त्या शेपटावर भरवसा ठेवू नये. निकालांच्या वर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असेल तर ती जाहिरात आहे, हेही मुलाला बोट ठेवून दाखवावे.

पान भरवशाचे आहे का : एका तारखेची गोष्ट

गेल्या वर्षी माझी सातवीतली भाची याच गृहपाठासाठी माझ्या शेजारी बसली होती. तिने तीन पाने उघडली. पहिल्यावर महाराजांचा जन्म २६ जुलै १८७४ रोजी कागल येथे झाला असे होते. दुसऱ्यावर २६ जून १८७४, पुन्हा कागल. तिसऱ्यावर २६ जून, पण जन्मस्थळ कसबा बावड्यातला लक्ष्मी विलास पॅलेस. तिने फोन माझ्यापुढे केला. “मामा, ह्यातलं खरं कुठलं?” मी काही बोलण्याआधीच तिने तोडगाही काढला. “जास्त ठिकाणी कागल आहे, तेच लिहिते.”

हा बहुमताचा तोडगा प्रत्येक मूल काढते आणि बहुतेक मोठी माणसेही काढतात. त्यातली खोच तिला अशी दाखवली. पहिल्या दोन पानांचा एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला. वाक्ये जवळपास शब्दशः एकच होती, फक्त तारीख वेगळी. म्हणजे ते दोन साक्षीदार नव्हते, एकाचे पाहून दुसऱ्याने उतरवले होते. दहा पानांनी एकमेकांचे उतरवले तर ते दहा पुरावे होत नाहीत, एकच राहतो. मग आम्ही प्रत्येक पानाला तीन प्रश्न विचारले. हे कोणी सांगितले? केव्हा सांगितले? त्याला कसे कळले? पहिल्या दोन पानांवर लेखकाचे नाव नव्हते, तारीख नव्हती, संदर्भ नव्हता. प्रत्येक परिच्छेदानंतर जाहिरात मात्र होती.

तारखेचा उलगडा त्यामानाने लवकर झाला. महाराष्ट्र शासन २६ जून हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते, तो महाराजांच्या जयंतीमुळेच, आणि कोल्हापूरकरांना हे मिरवणुकीमुळे वेगळे सांगावे लागत नाही. मग २६ जुलै कोठून आला? ही तारीख काही जुन्या लेखनातही आढळते. शिवाय मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा महाराजांचा प्रसिद्ध आदेश २६ जुलै १९०२चा आहे, त्यामुळे दोन्ही सव्वीस तारखा डोक्यात एकमेकींवर सहज बसतात. जन्मस्थळाचा घोळही असाच समजण्याजोगा होता. महाराजांचे मूळ घराणे कागलचे घाटगे. १८८४ साली दत्तक घेतले जाईपर्यंत ते यशवंतराव घाटगे होते. घराणे कागलचे म्हणून जन्मही कागलचा, असे कोणीतरी गृहीत धरले आणि पुढे सगळ्यांनी ते उतरवले. जन्म मात्र बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला, आणि ते जन्मस्थळ आजही पाहता येते. रविवारी सकाळी आम्ही दोघे दुचाकीवरून तेथे जाऊन आलो. शोधयंत्राच्या पहिल्या पानाने जे चुकीचे सांगितले होते, ते घरापासून काही किलोमीटरवर उभे होते.

भाचीने वहीत २६ जून आणि कसबा बावडा असे लिहिले आणि खाली लहान अक्षरांत ‘काही संकेतस्थळांवर २६ जुलै व कागल असेही आढळते’ अशी टीप जोडली. अशी टीप लिहायला मुलांना संकोच वाटतो, कारण उत्तर एकच असले पाहिजे असे त्यांच्या मनावर बिंबलेले असते. ती लिहू द्यावी. माझ्या मते त्या गृहपाठातले सर्वांत चांगले वाक्य तेच होते.

आकड्यांना वय असते

खरी माहितीसुद्धा कालबाह्य होते, हे मुलांना उदाहरणांनीच पटते. महाराष्ट्रात ३५ जिल्हे आहेत असे सांगणारी पाने अजून आहेत आणि ती लिहिली तेव्हा बरोबरच होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर झाल्यावर ते ३६ झाले. शनीच्या उपग्रहांची संख्या निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळी सापडते. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि ती २७४वर गेली. पन्हाळ्याचे जुने वर्णन कितीही सुंदर असले तरी त्यात एक गोष्ट असणारच नाही, ती म्हणजे जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत पन्हाळाही आहे.

लोकसंख्येचे उदाहरण याहून शिकवणारे आहे. २०११च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. त्यानंतरची, २०२१ला अपेक्षित असलेली जनगणना लांबणीवर पडली. तरीही ‘कोल्हापूरची २०२४ची लोकसंख्या’ असे ठामपणे छापणारी पाने सापडतात. तो मोजलेला आकडा नव्हे, कोणीतरी बांधलेला अंदाज आहे. मुलाने आकड्यापुढे वर्ष लिहायची सवय लावून घेतली, म्हणजे नुसते ‘३८,७६,००१’ न लिहिता ‘२०११च्या जनगणनेनुसार’ असे लिहिले, की अर्धे काम झाले.

छायाचित्रे आणि व्हिडिओ

दरवर्षी जुलैत पंचगंगा वाढू लागली की २०१९ आणि २०२१च्या महापुरांचे व्हिडिओ ‘आजचे दृश्य’ म्हणून फिरू लागतात आणि मुले ते प्रकल्पासाठी उतरवून घेतात. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावरची पातळी किती होती, ती ३९ फुटांच्या इशारा पातळीपर्यंत तरी पोहोचली होती का, ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली होती का, हे त्या दिवसाच्या सरकारी नोंदीत किंवा वर्तमानपत्रात पाहायला लावावे. पातळी तिशीत असताना घरांच्या छपरांपर्यंत पाणी दाखवणारा व्हिडिओ आजचा असू शकत नाही, हे कोल्हापूरच्या मुलाला दुसऱ्या कोणी समजावण्याची गरज नसते. छायाचित्रासाठी गुगल लेन्स वापरावी. चित्र त्यात टाकले की तेच चित्र पूर्वी कोठे आले होते ते दिसते.

एआयला काय विचारावे आणि काय विचारू नये

अलीकडे मुले शोधतही नाहीत, थेट चॅटबॉटला, म्हणजे प्रश्न विचारला की तयार उत्तर लिहून देणाऱ्या एआय अ‍ॅपला विचारतात. गुगलच्या निकालांवर येणारा तयार सारांशही त्याच जातीचा. आमच्या शेजारचा नववीतला मुलगा कोल्हापुरी चपलेवर प्रकल्प करत होता. त्याने एका चॅटबॉटकडे संदर्भग्रंथ मागितले, आणि त्याला पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष असे सगळे व्यवस्थित मिळाले. आम्ही ते नाव घेऊन ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालांनी संगणकावर पाहिले, जुने रजिस्टर काढले, दुसऱ्या ग्रंथालयात फोनही केला. असे पुस्तक कधी निघालेच नव्हते.

याचे कारण मुलांना सोप्या शब्दांत सांगता येते. हे यंत्र आठवून सांगत नाही, पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधत जाते. पुस्तकाच्या नावाच्या जागी शोभेलसे नाव ते तितक्याच आत्मविश्वासाने बसवते. म्हणून तारीख, आकडा, अवतरण आणि संदर्भ या चार गोष्टी त्याच्याकडून घ्यायच्या नाहीत, असा नियम आम्ही घरात केला आहे. उत्तराखाली दुवे दिलेले असतील तर दुवा उघडून मूळ पान वाचायचे. मात्र अवघड परिच्छेद सोपा करून घेणे, किंवा धडा वाचून झाल्यावर आपल्यालाच दहा प्रश्न विचारायला सांगणे, यासाठी ते उपयोगी पडते आणि तेवढ्यापुरते वापरायला माझी हरकत नाही.

त्या मुलाला नंतर योग्य वाट सापडली ती भौगोलिक मानांकनाच्या, म्हणजे एखाद्या भागाच्या खास उत्पादनाला मिळणाऱ्या सरकारी मान्यतेच्या नोंदवहीत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेले मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना मिळून आहे आणि त्यात दोन्ही राज्यांतले चार-चार जिल्हे येतात : आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. चप्पल फक्त कोल्हापूरची असे धरून चाललेल्या त्याला हे वाचून थोडे वाईट वाटले. पण प्रकल्पातले त्याचे सर्वांत चांगले पान या आठ जिल्ह्यांच्या नकाशाचेच झाले.

वहीत उतरवताना

माहिती सापडली की मुलाने ती एकदा पूर्ण वाचावी, फोन पालथा ठेवावा आणि मग स्वतःच्या शब्दांत लिहावे. पडद्याकडे पाहत लिहिले की नक्कल होतेच, त्यात मुलाचा दोष नाही. लिहून झाल्यावर फोन सुलटा करून नावे व आकडे ताडून पाहावेत. शेवटी संकेतस्थळाचे नाव, लेखकाचे नाव असल्यास ते, आणि आपण ते पान पाहिल्याची तारीख एवढे लिहावे. शिक्षकांनी मागितले नसले तरी लिहावे. स्टेशनरीच्या दुकानातली छापील चित्रपट्टी चिकटवली असेल तर तीही कोठून घेतली ते लिहायला हरकत नाही. त्या पट्ट्यांवरच्या मजकुरातही चुका असतात.

फोनची थोडी तयारी

गुगलच्या सेटिंगमधला, अश्लील निकाल गाळणारा सेफसर्च चालू ठेवावा आणि शक्य असेल तर गुगलच्याच फॅमिली लिंक या अ‍ॅपने मुलाचे खाते आपल्या खात्याशी जोडावे. पीडीएफ देण्याआधी मोबाइल क्रमांक किंवा शाळेचे नाव मागणारे पान तेथेच बंद करावे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, आणि पाठ्यपुस्तकासाठी तर असे काही द्यावेच लागत नाही. सर्वांत उपयोगी सेटिंग मात्र फोनबाहेरचे आहे : मुलाने खोलीत एकट्याने नव्हे, घरातली माणसे येत-जात असतात तेथे बसून शोधावे.

नेट संपते तेथे

कोल्हापूरच्या मुलांना एक सोय आहे, ती वापरली जात नाही याची मला चुटपुट लागते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली स्थापन झालेले आहे. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू काचेमागे ठेवलेल्या आहेत, आणि त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आहे. ‘प्राचीन काळातील परदेशी व्यापार’ हा धडा शिकणाऱ्या मुलाला ती दाखवल्यावर दुसरा व्हिडिओ लागत नाही. महिन्यातून एक गृहपाठ तरी असा निवडावा, ज्यातले एक उत्तर पडद्यावरून न घेता प्रत्यक्ष पाहून किंवा पुस्तकातून घ्यायचे.

ग्रंथालयात गेल्यावर बोलायचे काम मुलाला करू द्यावे, आणि त्याने ग्रंथपालांना विषय नव्हे, वहीत लिहिलेला प्रश्न वाचून दाखवावा. ‘राधानगरी धरणाची माहिती हवी’ असे म्हटले की समोरून एक जाडजूड पुस्तक येते. ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे आपोआप कसे उघडतात’ असे विचारले की ग्रंथपाल चष्मा सारखा करतात, क्षणभर थांबतात आणि उठून कपाटाकडे जातात.